बेडकं, बाळंतपणं आणि माझे शोधनिबंध

जालना जिल्हा झाला त्याच वर्षी, म्हणजे एक्क्याऐंशी साली, मी जालन्यातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागले. माझं माहेर भोकरदन तालुक्यातलं, शेतकऱ्याचं. मी नेमकं काय शिकवते ते वडिलांना शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. कोणी विचारलं की ते "जनावराचं शिकवती" म्हणायचे, आणि लोक मला गुरांची डॉक्टर समजून म्हशीच्या तक्रारी सांगायचे.

जालन्याच्या मस्तगड भागात आम्ही दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. खाली किराण्याचं दुकान, वर आम्ही. नवरा बँकेत होता आणि त्याची नेमणूक बाहेरगावी. तो शनिवारी संध्याकाळी यायचा आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचा. आठवडाभर मी एकटी. त्या खोल्यांना गुळाचा आणि शेंगदाण्याच्या तेलाचा वास होता, आणि माझ्या हातांना फॉर्मॅलिनचा. घरमालकीण मला सणाला पुरण वाढायची, पण ते पाट्यावर वाटायला मात्र कधी बोलवायची नाही. बेडूक चिरणारे हात म्हणून.

बेडकांचं असं झालं. पीएच.डी. केल्याशिवाय पुढं काही खरं नव्हतं, म्हणून मी औरंगाबादच्या एका सरांकडे नाव नोंदवलं. सर विद्वान होते, शिस्तीचे होते, आणि विद्यार्थ्याला विषय निवडू द्यायचा असतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी मला विषय दिला: पूर्णेच्या काठच्या बेडकांचा विणीचा हंगाम. कोणत्या डबक्यात कधी अंडी घातली जातात, किती टिकतात, किती पिल्लांना पाय फुटतात. हे पावसाळाभर दर आठवड्याला जाऊन बघायचं आणि लिहायचं.

मग माझे रविवार ठरून गेले. सकाळच्या भोकरदन गाडीत खिडकीजवळ बसायचं, पायाशी झाकणाची बादली, मांडीवर जाळी. राजूरला गाडी रिकामी व्हायची, पुन्हा भरायची. कंडक्टर सुरुवातीला बादलीचं अर्धं तिकीट मागायचा. पुढं त्यानं बादलीला नातेवाईक मानून सोडून दिलं. पुढं एका फाट्यावर उतरून मी नदीच्या कडेनं पायी जायचे. कुठल्या गावापर्यंत जायचे ते सांगत नाही. का सांगत नाही ते पुढं येईल.

त्या गावाच्या वरच्या अंगाला एक डोह होता, आणि खालच्या अंगाला, कापसाच्या वावराच्या उताराला, एक मोठं डबकं. मी पहिल्या पावसाळ्यात दोन्हीकडे सारखीच जात होते आणि मला काही उमगत नव्हतं. वरच्या डोहात काठाला साबुदाण्याच्या खिरीसारखी अंडीच अंडी. खालच्या डबक्यात कधी असायची, कधी आठवड्यात नाहीशी व्हायची. मला वाटायचं, माझंच मोजायचं चुकतंय.

एका रविवारी मी खालच्या डबक्यात गुडघाभर उभी होते. काठावर एक बाई येऊन बसली. चाळिशी ओलांडलेली, कपाळावर ठसठशीत गोंदण, काष्टा घट्ट खोचलेला. तिनं बराच वेळ माझं काम पाहिलं.

"बेंडकं काऊन धरून राह्यल्या?" तिनं विचारलं.

"धरत नाही, मावशी. त्यांची अंडी मोजते."

"मंग इथं काय मोजता? इथं पंप धुतात. फवारा मारून झाला की पोरं हितंच येऊन खळखळ करतात. इथलं काही जगत न्हाई. वरच्या डव्हात जा."

मी वर आले, तिच्याजवळ बसले आणि वही काढली. कोण पंप धुतं, कधी धुतं, किती दिवसांनी धुतं, सगळं विचारलं. तिला सगळं माहीत होतं. त्या दिवशी मला दोन डबक्यांतला फरक सापडला आणि माझ्या शोधनिबंधाला विषय सापडला. अर्थात निबंधात मी लिहिलं की 'निरीक्षणांती असे आढळले'. आढळलं होतं ते मावशीला, मला नाही.

ती गावची सुईण होती. धनगराच्या घरची. तिचे सासरे मेंढरं घेऊन हिंडत, नवऱ्यानं मात्र तीन एकर रान कसून गावात घर केलं होतं. बाळंतपणं करायला ती आधी मेंढ्यांपासून शिकली, मग बायांपासून. "मेंढी वरडत न्हाई," ती म्हणायची, "म्हणून तिच्यापासून शिकावं. बघावं लागतं." पुढच्या वीस-बावीस वर्षांत मी अनेक शास्त्रज्ञांची निरीक्षणावरची व्याख्यानं ऐकली. त्यातलं एकही या वाक्यापुढं गेलं नाही.

बेडकांचा निबंध छापून आला तेव्हा मी सव्वीस-सत्तावीस वर्षांची होते. एका इंग्रजी नियतकालिकात, आठ पानं. सरांचं नाव पहिलं, माझं दुसरं. तेव्हाची तीच रीत होती आणि मला तिचं काही वाटलंही नाही. छापील पंचवीस प्रती आल्या. त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी पोस्टमननं कॉलेजात एक कार्ड आणून दिलं. परदेशातून आलेलं, छापील ओळी आणि मध्ये पेनानं भरलेलं माझं नाव: आपल्या निबंधाची एक प्रत कृपया पाठवावी.

असली कार्डं तेव्हा सगळ्या जगात फिरत असत. दूरच्या माणसाला तुमचा निबंध हवा असेल तर तो कार्ड टाकायचा, तुम्ही प्रत पाठवायची. आज कोणाला सांगितलं तर हसतील. पण त्या कार्डानं कॉलेजात काय खळबळ उडवून दिली होती. प्राचार्यांनी ते सूचना फलकावर टाचणीनं लावलं. शिपायानं त्यावरचं तिकीट मागून घेतलं. भूगोलाच्या सरांनी नकाशावर तो देश दाखवला. संध्याकाळी मी मस्तगडच्या गल्लीतून घरी जाताना उगीचच हळू चालत होते. वाटत होतं, दुकानदाराला सांगावं, पण त्याला काय सांगणार? माझी बेडकं परदेशी पोचली?

कार्ड वर्षाला दोन-चार येत. मी ती एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत गेले. शनिवारी नवरा आला की पहिला प्रश्न हाच असायचा, "या आठवड्यात कुठून?" आणि काही आलेलं नसलं की स्वतःच म्हणायचा, "पोस्टाचाच घोळ असेल."

मावशीला मी ते पहिलं कार्ड दाखवायला नेलं होतं. कापूस वेचणीचे दिवस होते. ती ओटीत कापूस भरत भरत ऐकत होती. मी सांगितलं की इतक्या लांबच्या माणसानं आपल्या डबक्याचं वाचलं. तिनं कार्ड उलटंसुलटं केलं.

"बेंडकाचं लिव्हलं, चांगलं केलं," ती म्हणाली. "आमचं कवा लिव्हणार?"

"तुमचं म्हणजे?"

"बायाचं. बेंडकाची किती अंडी गेली ते तुम्ही लिव्हून ठेवून राह्यल्या. हितं बायाच्या पोटातलं गेलं तर कोण लिव्हतंय? ग्रामसेवकाच्या वहीत जल्मलं ते अन् मेलं ते. जल्मायच्या आधी गेलं त्याला वहीच न्हाई."

तिनं हे अगदी सहज म्हटलं आणि पुढच्या झाडाकडे सरकली. मी मात्र तिथंच उभी राहिले. माझं स्वतःचं एक, चौथ्या महिन्यातलं, त्या आधीच्या वर्षी गेलं होतं. कॉलेजात मी 'ताप होता' म्हणून रजा टाकली होती. माहेरी सुद्धा सांगितलं नव्हतं. मावशीला तेवढं एका रविवारी बोलून गेले होते, कारण तिनं माझ्या चालण्यावरूनच विचारलं होतं.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी दोनशे पानी वही घेऊन तिच्या ओसरीवर बसले. पुढच्या दिवाळीतही बसले. ती ज्वारी पाखडायची, शेंगा फोडायची, आणि वरच्या गल्लीपासून एकेक घर घेऊन सांगत जायची. कोणाला किती, कुठलं राहिलं, कुठलं गेलं, कितव्या महिन्यात, तेव्हा ती बाई कुठल्या कामाला होती. सन तिला येत नव्हते. पण शाळेवर पत्रे पडले ते साल, पाटलाचा बैल विहिरीत पडला ते साल, नदीला दोनदा पूर आला ते साल, असं तिचं पक्कं होतं. मी गावातल्या दुसऱ्या माणसांना विचारून त्या सालांना आकडे लावले. जिथं ग्रामसेवकाच्या वहीशी पडताळता आलं तिथं पडताळलं. एक-दोनदा वही आणि मावशी यांच्यात फरक निघाला. दोन्ही वेळा वही चुकली होती.

संकरित कापूस आला, त्याच्या मागं फवारणी आली. पंप पुरुष मारायचे, पण औषधात घालायचं पाणी बाया हंड्यांनी आणायच्या. काठीनं ढवळायच्याही त्याच. मी वहीत दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या: कोणत्या बायका त्या पाण्याला जात होत्या, आणि कोणाचं काय झालं. एक दुसऱ्यामुळं झालं असं मी कधी लिहिलं नाही. तेवढा पुरावा माझ्याकडे नव्हता. पण शेजारी ठेवल्यावर दोन्ही गोष्टी एकमेकींकडे बघत होत्या, हे वही उघडणाऱ्या कोणालाही दिसलं असतं.

सरांनी वही उघडली आणि मिटली. "हे आपलं क्षेत्र नाही," ते म्हणाले. "तुमची पदवी बेडकांवर आहे. प्राणिशास्त्रात बाया कुठं आल्या?"

मी म्हटलं, "सर, बायाही प्राणीच आहेत ना."

ते हसले नाहीत. "हे डॉक्टरांचं काम आहे. डॉक्टर म्हणतील हे समाजशास्त्र आहे. समाजशास्त्रवाले म्हणतील आकडे कुठायत. तुम्ही मधल्यामध्ये लटकाल." सर वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं पुष्कळ वर्षं खरं ठरलं. पदवी मिळाल्यावर मी त्या वहीचा निबंध केला आणि स्वतःच्या एकटीच्या नावानं टाइप करून एका परदेशी नियतकालिकाला पाठवला. आठ महिन्यांनी परत आला. परीक्षकानं विचारलं होतं की एका निरक्षर बाईच्या आठवणीवर किती भरवसा ठेवायचा.

ते पत्र मी वहीत घालून ठेवलं. मग तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंना जाऊन भेटले. त्या नव्यानंच बदलून आल्या होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आपण पुढची दोन वर्षं बघू. मागचं आठवणीतलं राहू द्या. तुमची मावशी सांगेल, मी तपासेन." तसं झालं. गावात कोणाला दिवस गेले की नर्सला कळायच्या आधी मावशीला कळायचं, आणि मावशीचा निरोप दवाखान्यात पोचायचा. दोन वर्षांत मावशीचा अंदाज जवळपास कधी चुकला नाही. डॉक्टरीण बाईंनी तसं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं. निबंध पुन्हा गेला आणि या वेळी स्वीकारला गेला.

छापायला जायच्या आधी एक रविवार मी खास गावात गेले. लेखकांत माझ्या आणि डॉक्टरीण बाईंच्या जोडीला मावशीचं नाव घालायचं असं मी ठरवलं होतं. मला वाटलं होतं ती लाजेल, मग मानेल. मी तिला समजावून सांगितलं, की ही माहिती तुमची, म्हणून नाव तुमचं पाहिजे.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"नाव लिव्हलं की गाव कळतं. गाव कळलं की बाई कळते. कोणाचं काय गेलं हे मला सांगितलंय, ते मी सुईण म्हणून. चव्हाट्यावर टांगाया न्हाई."

"पण मावशी, तिकडच्या लोकांना काय माहीत तुमचं गाव?"

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचं ते पहिलं गेलं, ते तुम्ही कॉलेजात सांगितलं का?"

"नाही."

"मंग."

एवढंच बोलून ती चहा टाकायला उठली. मी निबंधाच्या शेवटी आभारात लिहिलं: 'स्थानिक सुईणीच्या साहाय्याबद्दल ऋणी आहोत.' ना नाव, ना गाव. तालुकाही लिहिला नाही, नुसता 'मराठवाड्यातील एक नदीकाठचे गाव' असं ठेवलं. कित्येक वर्षं मला ती ओळ वाचली की अपराधी वाटायचं. वाटायचं, मी तिला आणखी आग्रह करायला हवा होता. आता तसं वाटत नाही.

निबंध छापून आला आणि काही झालं नाही. कार्डाची वाट पाहिली. सहा महिन्यांत दोन आली. दिवसही बदलत होते, कार्डं पाठवायची चालच मोडत होती. सूचना फलकावर लावायला नवे प्राचार्य उत्सुक नव्हते. दरम्यान मला मुलगी झाली, नवऱ्याची बदली जालन्यात झाली, मस्तगड सोडून आम्ही लांब नव्या वसाहतीत स्वतःच्या घरात गेलो. मी वर्गात शिकवत राहिले, पावसाळ्यात बेडकं बघत राहिले. त्यांच्यावर आणखी चार निबंध लिहिले. बायांवरचा तो एकच. मी स्वतःला बेडकांची माणूस समजत होते.

मग दोन हजार सालानंतर कधीतरी बढतीचा प्रश्न आला. मुलाखतीच्या अर्जात एक नवा रकाना होता: आपल्या शोधनिबंधांचे इतरांनी केलेले उल्लेख. एखाद्यानं आपल्या लेखात तुमच्या निबंधाचा आधार घेतला की तो शेवटी तुमचं नाव देतो. त्या नोंदी किती, हे कळवायचं होतं. मला काय माहीत? मी बिस्किटांच्या डब्यातली कार्डं मोजायला बसले.

संगणक विभागात एक तरुण सहकारी होता, नुकताच लागलेला. तो म्हणाला, "मॅडम, कार्डं नका मोजू. मी काढून देतो." कॉलेजात तेव्हा एकच फोनवरचं इंटरनेट होतं. तार जोडली की ते आधी शिट्ट्या मारायचं, मग खरखरायचं. दुपारचे तास संपल्यावर तो बसला, मी शेजारी स्टुलावर. त्यानं माझं आडनाव टाइप केलं. पडद्यावर पान वरून खाली हळूहळू उतरायला लागलं.

बेडकांचे निबंध आले. पहिल्याला थोडे उल्लेख होते. बाकीच्यांना त्याहूनही कमी, आणि त्यातले निम्मे मीच माझ्याबद्दल केलेले. मला थोडी लाज वाटली.

"मॅडम, हा पण तुमचाच ना?" त्यानं विचारलं.

तो बायांवरचा निबंध होता. त्याच्याखाली यादी सुरू झाली ती संपेना. तो पुढचं पान, पुढचं पान करत राहिला. आफ्रिकेतले लोक, दक्षिण अमेरिकेतले, चीनमधले. केळीच्या बागांत काम करणाऱ्या बायांवर लिहिणारे, चहाच्या मळ्यातल्या बायांवर लिहिणारे, फुलांच्या शेतातल्या. सगळ्यांनी कुठं ना कुठं आमच्या त्या नदीकाठच्या, बिननावाच्या गावाचा आधार घेतला होता. संगणकाच्या खोलीतला पंखा करकरत होता.

मी त्याला काही लेख उघडायला लावले. एकानं माझा उल्लेख 'तो' असा केला होता. दुसऱ्यानं लिहिलं होतं की लेखकाच्या विस्तृत सर्वेक्षण पथकानं ही माहिती जमा केली. माझं पथक म्हणजे मी, मावशी आणि शेंगांची एक पाटी. तिसऱ्यानं मात्र आमच्या निबंधातून आम्ही न म्हटलेलं काढलं होतं. आम्ही शेजारी ठेवलेल्या गोष्टी त्यानं एकमेकींना बांधून टाकल्या होत्या. मी चिडले.

"याला कळवायला पाहिजे," मी म्हटलं.

"मॅडम, उल्लेख म्हणजे उल्लेख," तो शांतपणे म्हणाला. "समितीला आकडा लागतो. कोण काय समजलं ते समिती विचारत नाही."

त्यानं यादी छापून दिली. कडेला भोकं असलेला तो सलग कागद, घडी घालत घालत बोटभर जाड झाला. पुढच्या रविवारी मी तो पिशवीत घालून गावाला गेले. मधल्या काळात बरेच महिने तिकडं जाणं झालं नव्हतं.

मावशी म्हातारी झाली होती. गावात बाळंतपणं आता दवाखान्यात होत. तिला कोणी बोलवत नव्हतं, पण विचारायला सगळ्या येत. ती ओसरीवर सूप घेऊन बसली होती आणि हातानंच चाचपून तुरीतले खडे काढत होती. डोळ्यांत मोतीबिंदू आला होता. मी कागद उलगडला. तो ओसरीवरून खाली अंगणात गेला.

"एवढ्या लोकांनी तुमचं वाचलं, मावशी."

तिनं कागदावर हात फिरवला. "एवढ्या?"

"हो. सगळ्या जगातल्या."

"मंग काय केलं त्यांनी?"

"त्यांनी आणखी लेख लिहिले," मी म्हटलं.

ती तोंडाला पदर लावून हसली. टोचून नाही. मला वाटतं तिला खरोखरच गंमत वाटली.

तेवढ्यात तिची नातसून बाहेरून आली. डोक्यावर गवताचा भारा, सातवा महिना लागलेला. घामानं निथळत होती. मावशीनं विचारलं, "कुठून आली?" ती म्हणाली, "वढ्याकून." मी ते रान ओळखत होते. ओढ्याकडून यायचं म्हणजे मैलभराचा वळसा. मधलं कापसाचं वावर ओलांडलं की घर दहा मिनिटांवर.

"एवढा फेरा कशाला?" मी तिला विचारलं.

"त्या वावरात काल फवारलंय," ती म्हणाली. "पोटुशीनं फवारलेल्या वावरात पाय ठेवायचा न्हाई. औषधाच्या पाण्याला हातबी लावायचा न्हाई. आसरा लागतात."

आसरा म्हणजे पाण्यातल्या देवता. डोहाच्या काठाला शेंदूर लावलेले त्यांचे सात दगड आमच्याकडं गावोगाव असतात. गरोदर बाईला त्यांची भीती घालतात, ते मी लहानपणापासून ऐकलेलं. पण फवारणीशी त्यांचं नातं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"पहिल्यापासून हाय की. सासू पाळायची. आज्ये-पंजीपासून चालत आलंय."

ती आत गेली. मी तिथंच बसून हिशेब केला. आजी-पणजीच्या काळात या गावात फवारणीच नव्हती. संकरित कापूस मावशीच्या डोळ्यांदेखत आला. मी तिच्याकडे पाहिलं. ती खाली मान घालून तूर चाचपत होती.

"मावशी, हे तुम्ही सुरू केलं?"

ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही वरच्या डव्हातली अन् खालच्या डबक्यातली अंडी मोजून सांगितली ना मला, त्याच साली. मला तं आधीच शंका होती. तुमच्या वहीनं बराबर झालं. आता बायाला मी काय सांगू? बेंडकं मरून राह्यली म्हणून घरी बसा? सासवांनी ऐकलं असतं का? आसरा म्हटलं की सासूबी भेती अन् नवराबी भेतो. कामाला न्हाई म्हणायला बाईला काहीतरी लागतं."

मी वर्गात वर्षानुवर्षं आसरांसारख्या गोष्टींच्या विरुद्ध बोलत आले होते. मुलींना सांगत होते की डोहात देवता नसतात. मला आधी थोडा रागच आला, खोटं का सांगितलं म्हणून. पण तो टिकला नाही. परीक्षकाला आठ महिने लागले होते, दवाखान्याची तपासणी दोन वर्षं चालली होती, छापायला वर्ष गेलं होतं. तेवढ्या काळात तिच्या गावातल्या बाया ओढ्याकडून फिरून घरी यायला लागल्याही होत्या. मी दर रविवारी तिथं जात होते आणि मला ते दिसलं नव्हतं. मी डबक्यात बघत होते.

"मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही लिव्हून टाकलं असतं," ती म्हणाली. "मी गेल्यावर लिव्हा. गाव नका सांगू." मी शब्द दिला, आणि आज ती नाही म्हणूनच हे लिहिते आहे.

मुलाखत औरंगाबादला झाली. समितीत पाच जण होते. त्यांनी तो लांबलचक कागद पाहिला, आपापसात माना डोलावल्या. एका सदस्यानं विचारलं, "तुमच्या संशोधनाचा समाजाला प्रत्यक्ष काय उपयोग झाला?" माझ्या ओठांवर आलं होतं. पण दोन दिवसांपूर्वीच मी शब्द दिला होता. मी म्हटलं, "जगभरातल्या संशोधकांनी त्याचा आधार घेतला आहे." त्यांना ते पुरलं. बढती झाली. नवऱ्यानं पेढे आणले आणि त्या तरुण सहकाऱ्याला जेवायला बोलावलं. मी ओळखीच्या सगळ्यांना आनंदानं सांगितलं आणि मनात एक गोष्ट न सांगितल्यासारखी राहून गेली.

त्याच हिवाळ्यात मावशीला मी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी जालन्याला आणलं. आठ दिवस ती आमच्याकडे राहिली. डोळ्यावर हिरवी पट्टी, दिवसभर खाटेवर. कंटाळली की मुलीला मेंढरांच्या गोष्टी सांगायची. माझी मुलगी तेव्हा शाळेत शिकत होती. तिला त्या गोष्टी फार आवडायच्या. पाचव्या दिवशी दुपारी मावशी मला म्हणाली, "ते बायाचं लिव्हलेलं वाचून दाखवा. मी कधी ऐकलंच न्हाई."

मी कपाटातून निबंध काढला. माझ्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत मी तो तिला मराठीत कधी सांगितलाच नव्हता. मी एकेक वाक्य वाचायचे, मनात मराठी करायचे आणि मोठ्यानं म्हणायचे. ती उताणी पडून ऐकत होती. मध्येच हुंकार द्यायची. कोष्टकं आली की मी ओळीओळीनं सांगायचे. शेवटी शेवटी निबंधात तीन बायांच्या हकिकती थोडक्यात दिल्या होत्या, बिननावाच्या. तिसरी वाचताना तिनं हात वर केला.

"थांबा. मार्गशीर्षात म्हणल्या का?"

"हो. डिसेंबर लिहिलंय."

"न्हाई. तिचं पौषात गेलं. संक्रांतीचं वाण तसंच सुपात पडून राह्यलं होतं. मी सांगितलं होतं तुम्हाला."

मी आत जाऊन जुनी वही शोधली. पानं पिवळी पडली होती, पण अक्षर स्पष्ट होतं. वहीत पौष होता. टाइप करताना मीच चुकीचा महिना उतरवला होता. परीक्षकाला ते कळलं नव्हतं, डॉक्टरीण बाईंना नाही, आणि त्या लांबलचक यादीतल्या कोणालाही नाही.

"तुमचं बरोबर आहे," मी म्हटलं. "चूक माझी."

"मंग नीट करा."

मी पेन घेतलं, माझ्या प्रतीवर छापील महिना खोडला आणि समासात बरोबर लिहिला. तिनं कागदावर पेनाचा आवाज ऐकला आणि उशीवर डोकं टेकलं.

"हां," ती म्हणाली. "आता पुढचं वाचा."